संध्याकाळी केलेल्या बोर्डाचे ट्रॅक का उठतात: लॅमिनेटरमध्ये बदल करूनही न गेलेली खोड

सकाळी दहाला लॅमिनेटरवर केलेला सर्किट बोर्ड भिंगाखाली धरला तरी खोट सापडत नाही. तेच मशीन, तोच कागद, तोच टोनर, पण संध्याकाळी सातला केलेला बोर्ड पाण्यातून काढून कागद चोळायला घेतला की मागच्या टोकाचे दोन बोटं रुंदीचे ट्रॅक, म्हणजे तांब्यावर बसलेल्या टोनरच्या रेघा, कागदाबरोबर निघून येतात. पुढचा भाग काळाभोर आणि ठसठशीत, मागचा नुसता उघड्या तांब्याचा. बेळगावच्या वडगावातल्या माझ्या खोलीत हा प्रकार दोन पावसाळे चालला. रोज होत नव्हता, म्हणून जास्त छळला. आठवड्यातून दोनदा होणाऱ्या बिघाडाला आपण "आज कागदच खराब असेल" म्हणून सोडून देतो, आणि मीही तेच करत राहिलो.

मी पंपाच्या ऑटो स्टार्टरचे आणि मागाच्या मोटरचे छोटे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो. बोर्ड पार जळला असेल तर तसाच नवा बनवतो. खानापूर, हुक्केरी, निपाणीकडून लोक पिशवीत एखादा नग घालून येतात. एका नगासाठी बाहेरून बोर्ड करून मागवायचा तर आठवडा जातो, आणि ऊस तेवढा वेळ पाण्यावाचून राहत नाही. त्यामुळे टोनर ट्रान्सफर हाच माझा रोजचा मार्ग आहे. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे मुळात काळं प्लास्टिक. सर्किटचा नकाशा गुळगुळीत कागदावर छापायचा, तांब्यावर पालथा ठेवून तापवायचा, म्हणजे टोनर वितळून तांब्याला धरतो. मग कागद भिजवून चोळून काढायचा आणि बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा; ते टोनरखालचं सोडून बाकीचं तांबं खाऊन टाकतं. इस्त्रीनंही हे होतं, पण हाताचा दाब कधी सारखा पडत नाही. लॅमिनेटरचे रबरी रोलर तो सारखा देतात.

अडचण एवढीच की बाजारातला लॅमिनेटर ओळखपत्रं प्लास्टिकात बंद करायला बनवलेला असतो. त्याच्या रोलरला १०० ते १२० अंश पुरतात. टोनरला तेवढ्यात काही होत नाही. प्रिंटर स्वतः त्याला कागदावर बसवताना १८० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडं वर जातो. म्हणून सगळेच जण मशीन उघडून थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा स्विच, बदलतात. मीही हीटरच्या पट्टीवरचा मूळ थर्मोस्टॅट काढून १८० अंशांचा केएसडी ३०१ जातीचा बसवला. तो घेताना चिनीमातीच्या अंगाचाच घ्या. काळ्या बेकेलाइटचा या तापमानाला टिकत नाही. बसवताना पाठीला हीट सिंक कंपाउंड (उष्णता नीट पोचवणारी पेस्ट) लावून तो पट्टीवर घट्ट आवळा. ढिला राहिला तर पट्टी तापून गेल्यावर त्याला उशिरा कळतं आणि टोनर पसरून शेजारचे ट्रॅक एकमेकांना चिकटतात.

इतकं केल्यावर सकाळचे बोर्ड सुरेख यायला लागले. संध्याकाळची खोड मात्र तशीच राहिली.

बोर्ड कुठे उठला ते आधी पाहा

बिघडलेला बोर्ड लगेच थिनरनं पुसू नका. आधी त्याच्याकडे दोन मिनिटं नीट पाहा. बोर्डाचं जे टोक आधी आत गेलं त्यावर मार्करनं बाण काढायची सवय लावा, कारण बाण नसेल तर पुढचं काहीच कळत नाही.

आधी शिरलेलं टोक उठलं आणि मागचं धरलं, तर बोर्ड थंड होता. तांबं उष्णता फार वेगानं पुढे ओढून नेतं, त्यामुळे मागचा भाग रोलरखाली येईपर्यंत आपोआप तापलेला असतो आणि पुढच्याला ती संधीच मिळत नाही. याच्या उलट, पुढचं धरलं आणि मागचं उठलं तर रोलर वाटेत थंड पडला. माझं दुखणं हेच होतं. चारी कडांच्या आत एक बारीक रेघ कोरी राहत असेल तर पत्रा कापताना कडेला वर आलेली बूर, म्हणजे खरबरीत कोर, रोलरला वर उचलून धरते. कानशीचे चार हात मारा, काम झालं. जागोजाग फोड आल्यासारखी गोल टिपकी दिसली तर कागदात ओल आहे. आणि सगळंच पापुद्र्यासारखं सुटून आलं तर दोष मशीनचा नाही, तांबं स्वच्छ नव्हतं. ६०० नंबरच्या पॉलिशपेपरनं पाण्याखाली घासा, नंतर थिनरनं पुसा आणि पुन्हा बोट लावू नका.

मी कुठे चुकत होतो

आधी मी तापमानाच्या मागे लागलो. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीतून लांबून तापमान दाखवणारी गन मागून आणली आणि लॅमिनेटरमधून बाहेर आलेल्या कोऱ्या तांब्यावर रोखली. आकडा आला ६२. मला वाटलं, सापडलं! थर्मोस्टॅट खोटा आहे म्हणून दुसरा आणला. तरी ६२च. मग बोटाच्या पेराएवढी जागा काळ्या मार्करनं रंगवून तिथे गन धरली, तर आकडा थेट शंभराच्या वर गेला. चकचकीत तांबं स्वतःची उष्णता किरणांतून फारच कमी सोडतं आणि आजूबाजूच्या थंड वस्तूंचं प्रतिबिंब दाखवतं. गन ते प्रतिबिंब वाचत होती. ती रबरी रोलरवर खरं सांगते, उघड्या तांब्यावर सांगत नाही. हे कळेपर्यंत माझे थर्मोस्टॅटचे पैसे आणि पंधरा दिवस गेले होते.

मग रोलरवर गन धरून पाहिलं. सकाळी १८० च्या आसपास, संध्याकाळीही १८० च्या आसपास. म्हणजे रोलर ठीक. मी पुन्हा कागदाकडे वळलो, टोनर बदलला, प्रिंटरमधली टोनर वाचवायची सेटिंग तपासली.

धागा हाती आला तो एका विद्यार्थ्यामुळे. इथे मच्छेला तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि आसपास इंजिनिअरिंगची कॉलेजं, त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या दिवसांत मुलं बोर्ड करायला माझ्याकडे येतात. एक मुलगा दुपारी एक बोर्ड चांगला करून गेला आणि संध्याकाळी दुसरा करायला आला. तो उठला. त्यानं मान वर करून ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, तुमचं मशीन संध्याकाळचं थकतंय काय ओ? लाइट बी डिम झालीय की."

मी मल्टिमीटर प्लगमध्ये घातला. १९० व्होल्ट. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग आहेत. संध्याकाळी माग चालू असताना घराघरांतले दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. हे मला माहीत होतं, पण लॅमिनेटरशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. थर्मोस्टॅट आहे ना, तो सांभाळून घेईल, असंच धरून चाललो होतो.

१९० व्होल्टला नेमकं काय होतं

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे.

लॅमिनेटरची मोटर सिंक्रोनस असते. तिचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या ५० हर्ट्झवर ठरतो. व्होल्टेज उतरलं तरी ती त्याच गतीनं बोर्ड ओढते. माझं मशीन मिनिटाला साधारण ३० सेंटिमीटर ओढतं. हीटरचं तसं नाही. त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० चे १९० झाले म्हणजे व्होल्टेज जेमतेम १७ टक्के उतरलं, पण ३०० वॉटचा हीटर सुमारे २०५ वॉटवर आला. एक तृतीयांश ताकद गेली.

तरीही रिकाम्या मशीनचा रोलर १८० वर पोचतो, फक्त जास्त वेळ घेतो. म्हणून गननं मला काहीच सांगितलं नाही. खरी गोष्ट दिसली ती हीटरच्या दोन टोकांवर एक छोटा निऑन दिवा जोडल्यावर. हीटर चालू असला की तो पेटतो. घड्याळ घेऊन बसलो. सकाळी रिकामं मशीन गरम झाल्यावर दिवा निम्मा वेळ पेटत होता आणि निम्मा वेळ विझत होता. म्हणजे १८० अंश नुसतं धरून ठेवायलाच साधारण १५० वॉट जातात. उरलेले १५० वॉट बोर्ड तापवायला शिल्लक. संध्याकाळी २०५ मधून तेच १५० वजा केले की शिल्लक ५५. व्होल्टेज १७ टक्के उतरलं आणि बोर्डाच्या वाट्याची उष्णता एक तृतीयांशावर आली. दिवाही तेच दाखवत होता: संध्याकाळी तो चार मिनिटांतली तीन मिनिटं पेटलेलाच असे, आणि बोर्ड आत गेला की विझायचं नावच घेत नसे.

मूळ १०० ते १२० अंशांवर हे मशीन चालत होतं तेव्हा शिल्लक भरपूर होती. थर्मोस्टॅट बदलून आपण रोलर जास्त गरम केला, हीटर मात्र तोच ठेवला. तापमान वाढलं आणि राखीव ताकद घटली. त्यात १.६ मिलिमीटर जाडीचा, दहा बाय आठ सेंटिमीटरचा ग्लास इपॉक्सी बोर्ड जवळपास २५ ग्रॅमचा असतो, आणि वर ३५ मायक्रॉनचं तांबं. ओळखपत्राच्या प्लास्टिक पाऊचच्या मानानं हा मोठा गिऱ्हाईक आहे. त्याचा पहिला निम्मा भाग रोलरमधली साठवलेली उष्णता पिऊन टाकतो आणि मागचा निम्मा उपाशी राहतो.

मग मी काय केलं

सगळ्यात सोपा उपाय सगळ्यात उशिरा सुचला. फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर घरात पडून होता, तो लॅमिनेटरला लावला. मशीन ३०० वॉटचं असेल तर ५०० व्हीएचा पुरतो. तेवढ्यानं संध्याकाळचे निम्मेअधिक बोर्ड सुधारले.

दुसरा उपाय बोर्ड आधी तापवण्याचा, आणि मला विचाराल तर हाच सर्वांत मोलाचा. इस्त्री उलटी करून लाकडी चौकटीत घट्ट बसवली आहे. स्वच्छ बोर्ड, तांबं वर करून, तिच्यावर मिनिटभर ठेवतो. पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडावा इतका तापू द्यायचा, त्याहून जास्त नाही, नाहीतर तांबं लालसर काळपट होतं आणि टोनर धरत नाही. मग चिमट्यानं उचलून त्यावर कागद टेकवायचा. गरम तांब्यावर कागद लगेच हलका चिकटतो आणि रोलरमध्ये सरकत नाही. मग लॅमिनेटरमधून चार-पाच फेऱ्या. दर फेरीला बोर्ड फिरवून दुसरं टोक आधी घालायचं, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये निऑन विझेपर्यंत थांबायचं. दिवा विझला म्हणजे रोलर पुरता भरला. केएसडी थर्मोस्टॅट १८० ला बंद झाला की पुन्हा जुळायच्या आधी तापमान बरंच खाली येतं, म्हणून दिवा पेटायच्या तोंडावर बोर्ड घालणं म्हणजे सगळ्यात थंड रोलरखाली घालणं.

मोटर हळू करायची म्हणून पंख्याचा रेग्युलेटर जोडायला जाऊ नका. वर सांगितलं तसं ही मोटर हर्ट्झवर चालते. व्होल्टेज कमी केलं तर ती हळू होत नाही, अडखळून थांबते किंवा गुरगुरत गरम होते. वेग कमी हवाच असेल तर कमी आरपीएमची तशीच सिंक्रोनस मोटर बसवावी लागते. मी नाही बसवली. जास्त फेऱ्यांनी काम भागतं.

पुढे मी थर्मोस्टॅटऐवजी पीआयडी कंट्रोलर (तापमान पाहून हीटर कमी-जास्त चालवणारा), के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन वायरींची जोडी) आणि एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला. त्यात दोन ठिकाणी माझ्यासारखेच इतरही अडकतील. रेक्स सी १०० जातीचे कंट्रोलर दोन प्रकारचे मिळतात, आत रिले असलेले आणि एसएसआर चालवणारे; दुकानात मागताना स्पष्ट सांगा. आणि थर्मोकपलच्या दोन वायरी उलट लागल्या तर हीटर तापेल तसा आकडा उतरत जातो आणि कंट्रोलर अजून उष्णता ओततो. पहिल्यांदा चालू करताना प्लगवर हात ठेवूनच बसा.

जे कधीही काढू नका

हीटरच्या सिरीजमध्ये काचेच्या स्लीव्हमधला एक छोटा थर्मल फ्यूज असतो. तापमान वाढवलं की मूळचा उडतो, आणि लोक तिथे सरळ वायर जोडून मोकळे होतात. असं करू नका, कळकळीनं सांगतो. एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा कायमचा चालू अवस्थेत अडकतो. कंट्रोलर बंद म्हणतो आणि हीटर तापतच राहतो. तेव्हा घर आणि आग यांच्यामध्ये तो एक फ्यूजच असतो. २१६ किंवा २२७ अंशांचा घ्या आणि क्रिंप करून (नळीत दाबून) किंवा स्क्रूनं जोडा. डाग देऊ नका, सोल्डरच्या उष्णतेनंच आतली गोळी वितळते आणि नवा फ्यूज बसवतानाच जातो. आतल्या साध्या पीव्हीसी वायरी काढून टेफ्लॉनच्या टाका. मशीन दोन पिनांचं असलं तरी उघडल्यावर धातूच्या चौकटीला अर्थिंग करा.

रोलरच्या टोकांचे प्लास्टिकचे बुशही या तापमानाला मऊ पडतात आणि रोलर एका बाजूला झुकतो. बोर्डाची उजवी किंवा डावी बाजूच नेहमी उठत असेल तर आधी बुश पाहा. मी उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांकडून चार पितळी बुश करून घेतले. मामांनी जुना बुश नखानं दाबून पाहिला, "हा लोण्यागत झालाय बघ" म्हणाले, आणि अर्ध्या तासात चारही हातात दिले. त्या दिवसापासून उजवी-डावीचा प्रश्न संपला.

दर सात सेंटिमीटरवर येणारी फिकट पट्टी

ही दुसरी खोड. मोठ्या बोर्डावर ठरावीक अंतरानं आडवी फिकट पट्टी येते. अंतर मोजा. माझ्या रोलरचा व्यास २२ मिलिमीटर, म्हणजे घेर ६९. पट्ट्यांमधलं अंतरही तेवढंच निघालं. रोलरच्या रबरावर एक चपटी जागा तयार झाली होती.

ती झाली वीज गेल्यामुळे. मशीन १८० वर असताना वीज गेली की रोलर थांबतात, एकमेकांवर दाबून तसेच थंड होतात, आणि गरम रबराला तो दाब कायमचा लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. यावर मी गिअरच्या दांड्याला बाहेरून पकडता येईल अशी एक मूठ बसवून घेतली. वीज गेली की प्लग काढायचा आणि दहा-पंधरा मिनिटं ती मूठ हळूहळू फिरवत राहायची. काम संपवतानाही हेच: आधी हीटर बंद, मोटर चालू, आणि रोलर ८० अंशांच्या खाली आल्यावर मोटर बंद. त्यासाठी दोघांचे स्विच वेगळे करून घ्या. एकदा चपटा झालेला रोलर काही सुधारत नाही. मी तो तसाच वापरतो आणि फेऱ्यांच्या वेळी बोर्ड थोडा पुढे-मागे घालतो, म्हणजे पट्टी एकाच जागी पडत नाही.

कागदाचं

दिवाळी अंकातल्या जाहिरातींची पातळ, चकचकीत पानं मला सर्वांत चांगली ठरली आहेत. त्यांच्यावरचा चिकणमातीचा लेप पाण्यात सुटतो आणि टोनर तांब्यावर राहतो. छपाईची शाई त्रास देत नाही. पण बेळगावच्या पावसात ही पानं आठवडाभरात ओल धरतात. आतली वाफ रोलरखाली बाहेर पडायला जागा शोधते आणि टोनर तांब्यापासून वर उचलते. ते गोल टिपके त्याचेच. पानं आता पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो आणि छापायच्या आधी कोरं पान इस्त्रीवर दहा सेकंद फिरवतो. छापल्यानंतर मात्र त्याला उष्णता लावायची नाही आणि टोनरच्या बाजूला बोट लावायचं नाही.

टोनरही सगळ्यांचा सारखा नसतो. काही प्रिंटरांचा टोनर जास्त तापमानाला वितळतो आणि या मशीनवर कितीही फेऱ्या मारल्या तरी नीट धरत नाही. माझ्याकडे जुना एचपी १०२० आहे, १२ए काट्रिजचा. छपाई पूर्ण गडद ठेवतो.

एवढं सगळं करूनही बोर्ड उठला, तर कागद काढायच्या आधी प्लगमधलं व्होल्टेज पाहून बोर्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा, वेळेसकट. माझ्याकडे अशा उठलेल्या बोर्डांची एक पिशवी आहे. स्टॅबिलायझर लावल्यानंतर तिच्यात फक्त तीन बोर्ड पडले, आणि तिन्हींच्या मागे व्होल्टेज चांगलं आहे. दोघांवर फोडांसारखे टिपके आहेत, एकाच्या कडेला बूर.